बालकलाकार मोठा होतो, तेव्हा त्याचं काम कुठे जातं?

काशफुलांच्या रानातून एक लहान मुलगा चालत येतो. बहिणीला शोधतोय. मध्येच थबकतो, इकडेतिकडे बघतो, पुन्हा चार पावलं टाकतो. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'चं चित्रीकरण १९५२ साली सुरू केलं ते याच प्रसंगापासून. अपूचं काम करणारा सुबीर बॅनर्जी तोवर कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नव्हता आणि त्याची चाल लाकडासारखी ताठ व्हायची. मग राय यांनी त्याच्या वाटेत बारीकसारीक अडथळे ठेवले, गवतात सहायक लपवले आणि त्यांना ठरावीक वेळाने मुलाला हाका मारायला सांगितल्या. मुलगा अडथळा ओलांडायला थबकला, हाकेच्या दिशेने त्याने मान वळवली. पडद्यावर आपल्याला दिसतो तो बहिणीला शोधणारा अपू.

चित्रपट १९५५ साली आला, जगभर गाजला. त्याचे पुढचे दोन भागही आले. दुसऱ्या भागात अपूचं काम आणखी दोन मुलांनी केलं आणि १९५९ च्या तिसऱ्या भागात तरुण अपू झाले सौमित्र चॅटर्जी. अपू मोठा झाला, सुबीर मात्र पहिल्याच चित्रपटात राहून गेला. त्यानंतर तो अभिनयाकडे वळला नाही.

बालकलाकारांबद्दल बोलताना आपण नेहमी विचारतो, 'तो पुढे का चमकला नाही?' या प्रश्नातच एक आरोप दडलेला असतो, जणू त्या मुलाचं काहीतरी चुकलं. मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. सहा वर्षांच्या मुलाने जी नोकरी केली ती बाराव्या-तेराव्या वर्षी संपते. सगळ्यांचीच संपते, गुणवान मुलांचीही. पुढचं काम ही त्याच नोकरीतली बढती नसते. तो दुसरा व्यवसाय असतो आणि तिथे त्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं. हे का होतं, ते जरा सावकाशीने पाहू.

लहान मूल पडद्यावर नेमकं काय करतं?

मोठा नट भूमिका उभी करतो. त्या माणसाचं वय, राग, लाज, चालण्याची ढब यांचा विचार करतो आणि तेच भाव दहा टेकमध्ये दहा वेळा आणू शकतो. लहान मुलाकडून हे क्वचितच अपेक्षित असतं. त्याची निवडच मुळी तो जसा आहे तशासाठी होते. डोळे टपोरे आहेत, बोलताना अडखळतो ते गोड वाटतं, कॅमेऱ्याला बुजत नाही. मग दिग्दर्शक छोटे छोटे शॉट घेतो, वाक्य एकेक करून म्हणवून घेतो आणि उरलेलं काम संकलनाच्या टेबलावर होतं.

कधीकधी ही युक्ती क्रूरही होते. १९३१ च्या 'स्किपी' या अमेरिकी चित्रपटात जॅकी कूपर या मुलाला रडवायचं होतं. दिग्दर्शक नात्याने त्याच्या मावशीचा नवराच. त्याने मुलाला धमकी दिली की तुझा कुत्रा गोळी घालून मारतो. मुलगा धाय मोकलून रडला, शॉट उत्तम मिळाला आणि नवव्या वर्षी त्याला सर्वोत्तम अभिनेत्याच्या ऑस्करचं नामांकन मिळालं. पन्नास वर्षांनी कूपरने आत्मचरित्र लिहिलं, तेव्हा त्याच्या नावातच त्या कुत्र्याला मारू नका अशी विनवणी होती. ते रडू अभिनयाचं नव्हतं. म्हणजे ज्या क्षणासाठी जगाने त्याची पाठ थोपटली, तो क्षण पुन्हा कसा आणायचा हे त्याला स्वतःला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

काही मुलं लहानपणीच खरोखर नट असतात, हे मान्यच. जोडी फॉस्टर तिसऱ्या वर्षापासून जाहिरातीत होती आणि चौदाव्या वर्षी 'टॅक्सी ड्रायव्हर'साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. पण तो अपवाद आहे. बहुतेकांच्या बाबतीत जे विकलं जातं ते बालपण असतं आणि बालपण कुणाकडेच टिकत नाही.

उद्योगाला हे पक्कं माहीत असतं. म्हणून ते टिकवायची धडपड चालते. १९३० च्या दशकात शर्ली टेम्पल ही अमेरिकेतली सर्वात मोठी चित्रपटतारका होती. १९३५ ते १९३८ अशी सलग चार वर्षं तिकीटबारीवर तिचा पहिला क्रमांक होता. तिचे दुधाचे दात पडू लागले तेव्हा फटी झाकायला खोटे दात बसवले गेले. तिचं वयही कागदोपत्री एका वर्षाने कमी केलेलं होतं. बारावा वाढदिवस आला तेव्हा तिला कळलं की आपण तेरा वर्षांच्या आहोत. ज्युडी गार्लंड 'द विझर्ड ऑफ ऑझ'च्या वेळी सोळा वर्षांची होती, पण तिला लहान दाखवायचं म्हणून छाती आवळून बांधत. आणि त्या काळात स्टुडिओत तिला वजन कमी ठेवायला, जागं राहायला आणि मग झोप यायला गोळ्या दिल्या जात. त्या गोळ्यांनी तिचा पाठलाग शेवटपर्यंत सोडला नाही. १९६९ साली, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ती गेली.

तेरा ते वीस, मधली दरी

आठ वर्षांच्या मुलाची भूमिका आठ वर्षांचं मूलच करू शकतं. सोळा वर्षांच्या मुलाची भूमिका मात्र बावीस वर्षांचा चणीने लहान तरुण सहज करतो. बालकलाकाराच्या आयुष्यातली सगळी पोकळी या एका फरकातून निघते.

निर्मात्याच्या बाजूने पाहा. कॅलिफोर्नियात सहा ते आठ वर्षांच्या मुलाला शाळेच्या दिवसांत सेटवर आठ तास थांबवता येतं, पण त्यातले कामाचे तास फक्त चार. तीन तास अभ्यास, एक तास विश्रांती, शिवाय सेटवर शिक्षक हवा. नऊ ते पंधरा वर्षांसाठी कामाचे तास पाच, सोळा-सतरासाठी सहा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर दिवसाला फक्त वीस मिनिटं काम करता येतं. म्हणूनच तान्ह्या मुलाच्या भूमिकेसाठी जुळी शोधतात. एक दमलं की दुसरं. असे नियम असणं अत्यंत योग्य आहे. पण त्याचा परिणाम असा की आठ वर्षांच्या मुलासाठी निर्माता ही सगळी तजवीज करतो, कारण त्याला पर्याय नसतो. सोळा वर्षांच्या मुलासाठी ती करण्यापेक्षा तो अठरा ओलांडलेला, लहान दिसणारा नट घेतो. त्याला हवे तितके तास काम करता येतं.

म्हणजे ज्या वयात मुलाचा आवाज फुटतो, मिसरूड येतं, चेहरा तेलकट होतो, उंची सहा महिन्यांत चार बोटं वाढते, नेमक्या त्याच वयात त्याच्या वयाच्या भूमिकाही दुसऱ्यांकडे जातात. मुलाला वाटतं, आपण कुरूप झालो. घरच्यांना वाटतं, मुलाने मेहनत सोडली. बाजाराचं गणित कुणी त्याला समजावून सांगत नाही.

आपल्याकडच्या चित्रपटांत ही दरी एका गाण्यात ओलांडली जायची. छोटा मुलगा धावत निघतो, पाय दिसतात, पाय मोठे होतात आणि कॅमेरा वर जातो तेव्हा नायक आलेला असतो. त्या छोट्या मुलाचं काम तिथे संपलं. 'आवारा'त राज कपूरचं लहानपण साकारणारे शशी कपूर पुढे स्वतः नायक झाले, पण त्यासाठी मध्ये बरीच वर्षं आणि नाटकाची तालीम होती. 'दीवार'मधला हातावर गोंदवून घेणारा छोटा विजय म्हणजे मास्टर अलंकार. त्यांनी पुढे अभिनय सोडून संगणक क्षेत्र धरलं. त्यांची बहीण पल्लवी जोशी हीसुद्धा बालकलाकारच. ती मात्र अभिनयात राहिली आणि मोठेपणी गंभीर भूमिकांसाठी नावाजली गेली. एकाच घरातली दोन भावंडं, दोन वाटा. यातलं एक यशस्वी आणि दुसरं अपयशी, असं मी तरी म्हणणार नाही.

मुलींच्या बाबतीत ही दरी वेगळीच असते. मुलांना थांबवतात, मुलींना ढकलतात. श्रीदेवी चौथ्या वर्षापासून पडद्यावर होत्या आणि १९७६ साली, तेराव्या वर्षी, तमिळ चित्रपटात नायिका झाल्या. म्हणजे मधला काळ वाट्याला आलाच नाही, बालपणातून थेट प्रौढ स्त्रीच्या भूमिकेत. नताली पोर्टमनने जाहीर भाषणात सांगितलंय की पहिला चित्रपट आल्यानंतर, तेराव्या वर्षी, तिने उघडलेलं चाहत्याचं पहिलं पत्र बलात्काराच्या कल्पनेचं होतं आणि एका रेडिओ केंद्रावर ती अठरा कधी होणार याचे दिवस मोजले जात होते. त्यानंतर आपण स्वतःला झाकून घ्यायला शिकलो, गंभीर दिसायला शिकलो, असं ती म्हणते. तेरा वर्षांच्या मुलीवर हे शिकायची वेळ आली, ही गोष्ट वाचून पुढे जाण्यासारखी नाही.

पैसा कुणाचा?

या विषयात सगळ्यात जास्त जखमा इथे आहेत, म्हणून थोडं थांबून.

१९२१ साली चार्ली चॅप्लिनच्या 'द किड'मधून जॅकी कूगन हा सहा वर्षांचा मुलगा जगाला माहीत झाला. त्याच्या नावाने खेळणी, पेन्सिली, टोप्या विकल्या गेल्या. लहानपणी त्याने तीस ते चाळीस लाख डॉलर कमावले असा अंदाज आहे. १९३५ साली तो एकवीस वर्षांचा झाला आणि त्याने आपले पैसे मागितले. वडील त्याच वर्षी मोटार अपघातात गेले होते. आई आणि सावत्र वडिलांनी जवळजवळ सगळं खर्चून टाकलं होतं. त्याने १९३८ साली खटला भरला. अडचण अशी होती की तेव्हाच्या कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाची कमाई ही पालकांची मालमत्ता होती. म्हणजे नैतिकदृष्ट्या त्याला लुबाडलं होतं, पण कायद्याच्या नजरेत चोरी झालीच नव्हती. शेवटी त्याच्या हाती सुमारे सव्वा लाख डॉलर आले.

त्या खटल्याने लोक हादरले आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या कमाईचा कायदा केला. तो आजही कूगनच्याच नावाने ओळखला जातो. पण त्यात भोकं होती. शर्ली टेम्पल १९५० साली बाविसाव्या वर्षी निवृत्त झाली, तेव्हा तिला कळलं की बत्तीस लाख डॉलरपैकी तिच्या नावावर चव्वेचाळीस हजार उरलेत. कायदा होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. भोकं बुजायला २००० साल उजाडावं लागलं. तेव्हापासून तिथे मुलाची कमाई मुलाचीच मानली जाते आणि एकूण मानधनाचे १५ टक्के मालकाने थेट एका बंद खात्यात भरावे लागतात. सज्ञान होईपर्यंत त्याला कुणी हात लावू शकत नाही.

भारतात २०१६ साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांत चित्रपट, मालिका, जाहिराती यांत काम करणाऱ्या मुलांसाठी स्पष्ट अटी आल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि उत्पन्नाचे किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. फ्रान्समध्ये उलटी रीत आहे. तिथे मुलाच्या मानधनाचा मोठा भाग सरकारी ठेवसंस्थेत जातो आणि पालकांच्या हाती किती द्यायचा ते एक समिती ठरवते. २०२० मध्ये त्यांनी हेच तत्त्व इंटरनेटवर व्हिडिओंतून कमावणाऱ्या मुलांनाही लावलं. मला हा फ्रेंच विचार जास्त पटतो. पंधरा किंवा वीस टक्के सुरक्षित, याचा दुसरा अर्थ ऐंशी-पंच्याऐंशी टक्के घरच्यांच्या विवेकावर. विवेक बहुतेक घरांत असतोही. पण जिथे नसतो, तिथल्या मुलाला बोलायला जागा नसते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. अनेक ठिकाणी मुलाला एकरकमी मानधन मिळतं, पण चित्रपट दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षं लागत राहतो. चेहरा जुना होत नाही, पैसा मात्र कधीच संपलेला असतो. १९८८ च्या 'सलाम बॉम्बे'मध्ये रस्त्यावरच्या खऱ्याखुऱ्या मुलांनी कामं केली. मुख्य भूमिकेतल्या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिग्दर्शिका मीरा नायर यांनी अशा मुलांसाठी न्यास उभारला, तो आजही काम करतो. पण त्या मुलाला पुढे फारशा भूमिका मिळाल्या नाहीत. तो गावी परतला आणि रिक्षा चालवू लागला. रिक्षा चालवणं हे प्रामाणिक काम आहे, त्यात कमीपणा काहीच नाही. जड आहे ते दुसरंच. राष्ट्रीय पुरस्काराची आठवण घेऊन, ओळखीच्या चेहऱ्याने रोज नव्या प्रवाशासमोर जायचं.

घरातला तोलही याच पैशाने बिघडतो. साधारणपणे आई-बाप कमावतात आणि मूल ऐकतं. इथे मूल कमावतं. आई किंवा वडील नोकरी सोडून त्याच्याबरोबर सेटवर जाऊ लागतात, त्याचे करार बघतात, म्हणजे ते मुलाच्या पगारावर असतात. मग दमलेल्या मुलाला 'आज नको जाऊस' हे कोण म्हणणार? 'होम अलोन'मुळे दहाव्या वर्षी जगप्रसिद्ध झालेल्या मकॉले कल्किनने चौदाव्या वर्षी काम थांबवलं. आई-वडील वेगळे झाले होते, कोर्टात भांडत होते, आणि पुढे त्याने स्वतःच्या पैशांच्या न्यासावरून दोघांचीही नावं काढून घेतली. लोकांनी त्याला बिघडलेला मुलगा ठरवलं. मला त्यात एक दमलेलं मूल दिसतं, ज्याने पहिल्यांदा स्वतःच्या वतीने 'पुरे' म्हटलं.

परत येणारे कसे येतात?

जे मोठेपणीही टिकले त्यांच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बहुतेकांनी मध्ये खंड घेतला किंवा कामाची जागा बदलली. कमल हासन सहाव्या वर्षी, १९६० साली, तमिळ चित्रपटात आले आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक घेऊन गेले. नंतर मोठा खंड. त्या काळात ते नृत्य शिकले, नृत्यदिग्दर्शकाचे सहायक म्हणून राबले आणि नायक म्हणून उभे राहिले ते १९७० च्या दशकात. जोडी फॉस्टर ऐन भरात येल विद्यापीठात शिकायला गेली, १९८५ साली पदवी घेतली आणि त्यानंतर दोन ऑस्कर मिळवले. डॅनियल रॅडक्लिफने तर 'हॅरी पॉटर'ची चित्रपटमालिका चालू असतानाच, सतराव्या वर्षी, लंडनच्या रंगभूमीवर 'एक्वस' हे अवघड नाटक केलं. नाटकात क्लोजअप नसतो, संकलक वाचवत नाही, रोज रात्री तेच भाव पुन्हा आणावे लागतात. वर ज्या दुसऱ्या व्यवसायाबद्दल म्हटलं, तो शिकायची याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

दुसरी वाट कॅमेऱ्याच्या मागे जाते. सेटवर वाढलेल्या मुलाला भिंग, प्रकाश, शॉटची लांबी, मोठ्यांचे रुसवेफुगवे हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. 'हा माझा मार्ग एकला'मधून पुढे आलेले सचिन पिळगांवकर 'गीत गाता चल'चे नायक झाले, आणि 'नवरी मिळे नवऱ्याला' व 'अशी ही बनवाबनवी'चे दिग्दर्शक म्हणून त्यांनी स्वतःची वेगळी जागा केली. हनी इराणी पटकथाकार झाल्या. कुत्र्याच्या धमकीने रडलेला तो जॅकी कूपर पुढे दूरचित्रवाणीचा दिग्दर्शक झाला आणि त्यासाठी त्याला एमी पुरस्कार मिळाले. तो मुलांना कसं सांभाळून घेत असेल, असं मला नेहमी वाटत राहतं.

के हुय क्वान बारा-तेरा वर्षांचा असताना 'इंडियाना जोन्स'च्या दुसऱ्या भागात होता. मोठा झाल्यावर आशियाई चेहऱ्याला अमेरिकेत भूमिकाच नव्हत्या. त्याने चित्रपटशास्त्राची पदवी घेतली, मारामारीच्या दृश्यांची आखणी करायचं काम केलं आणि जवळजवळ वीस वर्षं पडद्याबाहेर राहिला. २०२३ साली त्याला सहायक अभिनेत्याचा ऑस्कर मिळाला. त्याचा गुण मधल्या काळात कुठे गेला नव्हता. भूमिका लिहिणाऱ्यांना त्याच्याकडे बघायला वेळ लागला.

आणि काही जण परत येतच नाहीत. 'विली वाँका अँड द चॉकलेट फॅक्टरी' या १९७१ च्या चित्रपटात चार्ली झालेल्या पीटर ऑस्ट्रमला आणखी तीन चित्रपटांचा करार देऊ केला होता. त्याने नको म्हटलं. चित्रपटाहून घरी परतल्यावर त्याच्या घरच्यांनी एक घोडा घेतला. त्या घोड्याला तपासायला पशुवैद्य यायचा, आणि आपल्या कामात इतका रमलेला माणूस त्या मुलाला फार आवडला. पुढे ऑस्ट्रम कॉर्नेल विद्यापीठातून पशुवैद्य झाला. गाईगुरांना आणि घोड्यांना तपासण्यातच त्याची सगळी कारकीर्द गेली.